सड्यावरील बेटे व तेथील दुर्मिळ नेचे

सर्व बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात, ही व्याख्या आपणांस शाळेपासून परिचित आहे. वनस्पतींचा विचार करताना मात्र ती थोडी रुंद करावी लागते. एखाद्या वनस्पतीस विशिष्ट खडक, विशिष्ट माती व विशिष्ट ओलावा यांवाचून जगताच येत नसेल, तर तशी जागा जेथे संपते तेथे तिचा किनारा आला असे समजावे. किनाऱ्यापलीकडे समुद्र असो, भाताची खाचरे असोत, की उसाचे मळे असोत. त्या वनस्पतीच्या दृष्टीने सारे सारखेच होय.

या अर्थाने पाहिल्यास आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात अशी बेटे पुष्कळ आहेत. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड या तालुक्यांतील डोंगरमाथ्यांवर जांभ्या दगडाचे सपाट सडे पसरलेले आहेत. त्यांपैकी पन्हाळ्याजवळचे मसाई पठार सर्वांच्या ओळखीचे आहे. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्याचा वेढा चुकवून विशाळगडाकडे निघाले ती वाट याच पठारावरून जाते, आणि आजही पावसाळ्यात शेकडो तरुण त्या वाटेने पायी जातात. त्यांच्या पायांखाली काय उगवलेले असते, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते.

सड्यास आपण सर्वसाधारणपणे पडीक जमीन समजतो. महसुली दप्तरातही त्याची संभावना बहुधा पोटखराबा म्हणूनच होते. नांगर चालत नाही, मातीचा थर कोठे बोटभर तर कोठे तेवढाही नाही, उन्हाळ्यात दगड तव्यासारखा तापतो आणि पावसाळ्यात चार महिने पाण्याखाली असतो. अशा जागी पीक येत नाही हे खरे. परंतु त्यावरून तेथे काहीच नाही असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही. माती निकृष्ट असल्यामुळेच येथे दवबिंदू व सीतेची आसवे यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती वाढतात. जमिनीत न मिळणारे नत्र त्या किड्यांपासून मिळवितात. गेंद, तेरडे व नाना जातींचे गवत येते. आणि सड्यावरील खोलगट जागांत पाणी साचून जी उथळ तळी तयार होतात, त्यांच्या चिखलात नेच्यांचा एक फार जुना भाऊबंद राहतो. प्रस्तुत लेख मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

नेचा म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगणे इष्ट होईल. नेच्यास फूल येत नाही, फळ धरत नाही व बी होत नाही. पानांच्या मागील बाजूस तपकिरी ठिपके वा रेघा दिसतात. त्यांत धुळीसारखी बारीक बीजुके असतात व त्यांपासून पुढची पिढी होते. विहिरीच्या कडेचा हंसराज, आंब्याच्या खोडावर वाढणारे बाशिंग, खडकाच्या फटीतील मयूरशिखा ही सर्व नेच्यांचीच कुटुंबे. ज्याचे पान हातावर दाबले असता पांढरी नक्षी उमटते, तो मुलांच्या आवडीचा रुपेरी नेचाही त्यांतलाच. शेतकऱ्यास सर्वांत उपयोगी पडलेला नेचा म्हणजे अझोला. त्याच्या पानांच्या पोकळीत राहणारे निळे-हिरवे शेवाळ हवेतील नत्र स्थिर करते, म्हणून भाताच्या खाचरात व जनावरांच्या खाद्यात त्याचा उपयोग होतो. तेव्हा नेचा म्हणजे निरुपयोगी पाला, ही समजूत आधीच दूर सारलेली बरी.

सड्यावरील तळ्यात राहणाऱ्या या वनस्पतीचे शास्त्रीय नाव आयसोइटिस. मराठीत तिला सर्वत्र रूढ असे नाव नाही, आणि याचे कारण उघड आहे: पाहणाऱ्यास ती गवत किंवा कांद्याची पात वाटते, म्हणून निराळे नाव देण्याची गरज कोणास भासली नाही. काटेकोरपणे बोलावयाचे तर ती खरा नेचा नव्हे. जुन्या ग्रंथांत तिची गणना नेच्यांच्या सगोत्रांत केलेली असून आजचे शास्त्रज्ञ तिला त्याहूनही जुन्या, स्वतंत्र शाखेत ठेवतात. ज्या काळात दगडी कोळसा तयार झाला, त्या सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींत तिच्या कुळातील लेपिडोडेंड्रॉन नावाचे वृक्ष तीस मीटरांहून उंच वाढत असत. ते वृक्ष गेले, त्यांचा कोळसा झाला. त्या थोर घराण्याची वीतभर उंचीची वारस आज सड्यावरील घोटाभर पाण्यात उभी आहे.

आयसोइटिस या ग्रीक नावाचा अर्थ 'वर्षभर सारखी राहणारी' असा होतो. थंड देशांतील सरोवरांत तिच्या काही जाती बारमाही हिरव्या असतात, त्यावरून हे नाव पडले. आपल्या सड्यावर मात्र ती नावाच्या अगदी उलट वागते. जूनच्या पावसात चिखलातील घनकंदातून पातींचा झुबका वर येतो, सप्टेंबरपर्यंत वाढ पूर्ण होते, आणि तळे आटले की पाती कुजून जातात. त्यानंतर सुमारे आठ महिने वर काहीही दिसत नाही. घनकंद मात्र सुकलेल्या चिखलात जिवंत असतो. सड्यावरील कामांचे आराखडे तयार होतात व यंत्रे चालतात ती नेमकी याच आठ महिन्यांत. पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यास समोर दिसतो तो भेगाळलेल्या मातीचा एक खड्डा, आणि कागदावर 'रिकामी जागा' अशी नोंद होते.

ही वनस्पती ओळखावी कशी? एक पात बुडापासून अलगद सोडवून घ्यावी. संपूर्ण झुबका उपटू नये. पातीचे बूड रुंद, पांढरे व चमच्यासारखे खोलगट असते आणि त्याच्या आतील बाजूस एक फुगीर पिशवी दिसते. हा बीजुककोश होय. गवताच्या किंवा लव्हाळ्याच्या बुडाशी असे काही नसते. पिशवीच्या वर एक अगदी लहान जिभली असते, ती पाहण्यास भिंग लागते. पात मध्ये आडवी कापली तर तिच्यात हवेच्या चार पोकळ्या दिसतात. काही पातींच्या पिशवीत रव्याच्या कणांसारखे पांढरट दाणे निघतात. ती गुरुबीजुके, म्हणजे मादी बाजू. इतर पातींत पिठासारखी लघुबीजुके असतात, ती नर बाजू. पाती कुजल्यावर दोन्ही चिखलात मिसळतात, आणि पुढील पावसात नरपेशी पाण्यातून पोहत जाऊन मादीपेशीस मिळतात. याचा अर्थ असा की, पाण्याचा पातळ थर नसेल तर या वनस्पतीचे लग्नच लागत नाही. बीजुके एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात ती वाहत्या पाण्याबरोबर किंवा जनावरांच्या खुरांना व पक्ष्यांच्या पायांना लागलेल्या चिखलातून. एका सड्यावरून दरी ओलांडून दुसऱ्या सड्यावर पोचणे सोपे नव्हे. बेट हा शब्द येथे योजला आहे तो यासाठीच.

तिच्या अंगची आणखी एक युक्ती सांगण्यासारखी आहे. उथळ तळ्यात दिवसा शेवाळ व इतर वनस्पती पाण्यातील कर्बवायू भराभर शोषून घेतात, त्यामुळे दुपारी तो जवळजवळ संपतो. रात्री तो पुन्हा वाढतो. आयसोइटिसच्या काही जाती रात्रीच कर्बवायू घेऊन त्याचे आम्ल करून साठवितात आणि दिवसा दारे लावून घरचा साठा वापरतात. निवडुंग, अननस व पानफुटी यांचीही रीत अशीच आहे. पानफुटीचे पान सकाळी आंबट व दुपारी सपक लागते, हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतात राहणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने चाखून पाहून लिहून ठेवले होते. परंतु निवडुंगाची युक्ती पाणी वाचविण्यासाठी, आणि ही वनस्पती तर पाण्यातच उभी. पाण्यात राहूनही हीच रीत चालते, हे अमेरिकेतील जॉन कीली यांनी १९८१ मध्ये आयसोइटिसच्याच एका जातीवर दाखवून दिले.

आपल्या सह्याद्रीचा या वनस्पतीच्या अभ्यासाशी निकटचा संबंध आहे. सुप्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ त्र्यंबक शंकर महाबळे यांनी १९३८ मध्ये आयसोइटिस सह्याद्रीएन्सिस ही नवी जात प्रसिद्ध केली. १९४५ मध्ये शेंडे यांनी आयसोइटिस डिक्सिटेई या जातीचे वर्णन केले. १९९३ मध्ये श्रीवास्तव, पंत व शुक्ल यांनी भारतातील सर्व जातींचा आढावा घेताना पाचगणीच्या टेबललँडवरील आयसोइटिस पंचगणीएन्सिस ही जात नोंदविली. पाचगणीचे टेबललँड म्हणजे एक सडाच. त्यावर घोडे, मोटारी व प्रवासी यांची दाटी किती असते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना एका सड्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीची अवस्था निराळी सांगावयास नको.

याच सड्यांवरील ओल्या गवतात ऑफिओग्लॉसम नावाचा खरा नेचाही येतो. जमिनीतून एकच लहानसे पान वर येते आणि त्यातून जिभेसारखी बीजुकांची दांडी निघते. दिसण्यास अगदी क्षुद्र. परंतु त्याच्या एका जातीच्या पेशीत १,२६० गुणसूत्रे मोजली गेली आहेत. केरळातील अब्राहम व निनान यांनी १९५४ मध्ये हा आकडा प्रसिद्ध केला. भातात २४, गव्हात ४२ व मनुष्यात ४६ गुणसूत्रे असतात. आपल्या लागवडीतील उसाच्या संकरित जातींत ती शंभराच्या वर असतात, आणि तेवढ्यानेही ऊस-पैदासकार हैराण होतात. असो.

आता खऱ्याखुऱ्या बेटावरील एका नेच्याची हकीकत पाहू. तिचा आपल्या कामाशी संबंध आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने देत आहे. दक्षिण अटलांटिक महासागरात आफ्रिका व ब्राझील यांच्या दरम्यान असेन्शन नावाचे ज्वालामुखीजन्य बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९० चौरस किलोमीटर, म्हणजे राधानगरी अभयारण्याच्या जेमतेम चतुर्थांश. तेथील ग्रीन माउंटन या डोंगरावर कोथिंबिरीसारख्या बारीक कातरलेल्या पानांचा एक इवलासा नेचा होता. तो जगात अन्यत्र कोठेही नव्हता. सोळाव्या शतकात पोर्तुगीज खलाशांनी बेटावर शेळ्या सोडल्या. १८१५ मध्ये ब्रिटिशांनी तेथे ठाणे बसविले. १८४३ मध्ये विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर तेथे आले. पाण्याचे दुर्भिक्ष व उघडा डोंगर पाहून त्यांनी झाडे लावण्याचा सल्ला दिला; झाडांमुळे धुके अडेल, माती धरेल व पाणी वाढेल असा त्यांचा हिशेब होता. पुढील दशकांत जगाच्या नाना भागांतून रोपे आणून तेथे लावली गेली आणि डोंगर हिरवागार झाला.

हिरवा झाला खरा, परंतु त्या नेच्यास हवी होती उघडी, ओलसर, स्पर्धा नसलेली खडकाची कपार. बाहेरून आलेल्या दाट झाडोऱ्याने, विशेषतः परक्या हंसराज नेच्यांनी, त्या कपारी व्यापल्या. १९५८ नंतर तो नेचा कोणास दिसला नाही. २००३ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. २००९ मध्ये स्टेडसन स्ट्राउड व फिल लॅम्डन हे डोंगर धुंडाळीत असता एका उघड्या, उभ्या कड्यावर त्यांना त्याची चार रोपे आढळली. चारच. कोरड्या हवेत ती जळू नयेत म्हणून त्या निसरड्या कड्यावर उतरून त्यांना पाणी घालण्यात आले. पुढे बीजुके असलेले पानांचे तुकडे निर्जंतुक स्थितीत विमानाने लंडनजवळील क्यू येथील उद्यानात पाठविले गेले, तेथे प्रयोगशाळेत त्यांपासून रोपे तयार झाली, आणि ती जात तूर्त वाचली.

हा हिशेब अगदी एकतर्फी आहे असेही नाही. त्याच बेटावरील दुसरा एक स्थानिक नेचा आता परक्या झाडांच्या शेवाळलेल्या खोडांवर आसरा घेऊन राहतो. तथापि हूकर यांच्यासारख्या जाणत्या पुरुषाच्या सद्‌हेतूने झालेल्या वृक्षलागवडीत एका बेटाचा नेचा चार रोपांवर आला, ही गोष्ट आपल्या खात्यातील प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण आपण सड्यांवर जे करीत आलो आहोत त्याची जात याहून फार निराळी नाही.

मृद्‌संधारण व वनीकरण ही आपली नित्याची कामे होत. २०१६ ते २०१९ या वर्षांत राज्यात कोट्यवधी रोपे लावण्याच्या मोहिमा झाल्या. अशा मोहिमांत उद्दिष्टाचा आकडा मोठा आणि मोकळी जागा थोडी असली की दृष्टी साहजिकच सड्याकडे वळते. जांभ्यात यंत्राने खड्डे घेऊन ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरिपुष्प लावले जाते. रोपे पुष्कळदा उन्हाळ्यात जळून जातात. जगली तर त्यांची सावली व पालापाचोळा यांमुळे निकृष्ट मातीवर व भरपूर उन्हावर वाढणाऱ्या वनस्पतींचे घर मोडते. दोन्ही परींनी खर्च वाया जातो. सलग समतल चरांचेही तसेच. चर उतारावर घ्यावयाचा असतो, वाहते पाणी अडविण्यासाठी. सपाट सड्यावर पाणी आधीच थबकलेले असते. तेथे चर खणून काय अडवावयाचे, हा प्रश्न अंदाजपत्रक करतानाच विचारला पाहिजे. जुने उथळ तळे खोल करून शेततळे करण्याची सूचना ग्रामसभेत वारंवार येते. अशा तळ्यात पाणी टिकते ते तळाशी पिढ्यान्‌पिढ्या साचलेल्या चिकण गाळामुळे. यंत्राने तो थर फोडला की सच्छिद्र जांभ्यातून पाणी निघून जाण्याचा संभव असतो, आणि गाळाबरोबर घनकंद व बीजुकेही बांधावर जाऊन पडतात. गावास पाणी नको असे कोणी म्हणणार नाही. शेततळे सड्याच्या खाली, मातीच्या जमिनीत घ्यावे. तेथे ते अधिक पाणी धरते आणि पिकाच्या जवळही पडते.

सड्याचे खरे उत्पन्न कोणते, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी मार्च महिन्यात सड्याखालील एखाद्या वाडीत जाऊन झरा पाहावा. माथ्यावर पडलेला पाऊस जांभ्याच्या भेगांतून व छिद्रांतून हळूहळू खाली मुरतो, जांभ्याखालील चिकण मातीच्या थरावर अडतो आणि कड्याच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो. धनगरवाड्यांची व डोंगरकपारीतील वाड्यांची तहान यावर भागते. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या खोऱ्यांतील उसालाही अखेर डोंगरमाथ्यावरचेच पाणी मिळते. जांभ्याचा कवचासारखा थर चिऱ्यांसाठी वा मुरमासाठी काढला गेला, किंवा शाहूवाडी व राधानगरी तालुक्यांतील सड्यांप्रमाणे त्याखाली बॉक्साइट असल्यामुळे खाणीसाठी उचलला गेला, तर नेचा जातो तो जातोच, पण ही मुरण्याची व्यवस्थाही बिघडते. खाण बंद झाल्यावर वर माती पसरून झाडे लावता येतात. सडा पुन्हा तयार करता येत नाही.

गुरांच्या चराईविषयी मात्र या लेखकाचे मत थोडे निराळे आहे. सड्यावरून गुरे अजिबात हाकलून द्यावीत, असे काही उत्साही निसर्गप्रेमी सुचवितात. सड्यावर गुरे शतकानुशतके चरत आली आहेत, आणि उंच गवत वेळच्या वेळी खाल्ले गेल्यामुळे ठेंगण्या वनस्पतींस ऊन मिळते. बेताची चराई ही येथे शत्रू नव्हे. शत्रू आहेत ते पावसाळ्यात तळ्यांतून चाके फिरविणारी वाहने, तळ्यात धुतले जाणारे फवारणीचे पंप, आणि रासायनिक खतांची रिकामी पोती. निकृष्ट पाण्याची सवय असलेल्या वनस्पतीस खत म्हणजे मेजवानी नसून मरण होय. नत्र-स्फुरद वाढले की शेवाळ माजते व खालच्या पातीस प्रकाश मिळत नाही.

संरक्षणासाठी नवा कायदा हवा असे नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. त्याच कायद्याने महत्त्वाच्या स्थळास जैविक वारसास्थळ म्हणून घोषित करता येते. आंबोली येथील महादेव मंदिरापाशी हिरण्यकेशीच्या उगमाजवळ राहणाऱ्या एका लहान माशासाठी २०२१ मध्ये अशी घोषणा झाली. पुढे आजरा व गडहिंग्लज या तालुक्यांची शेते भिजविणारी ती हीच नदी. एका कुंडाएवढ्या जागेस असे संरक्षण मिळू शकते, तर एखाद्या सड्यावरील तळ्यांच्या समूहास ते मिळण्यास तत्त्वतः अडचण नाही. मात्र त्यासाठी नोंद लागते, आणि पुष्कळ गावांच्या वह्यांत आंबा, फणस, जांभूळ यांपुढे मजल गेलेली नसते.

नोंद करण्याचा योग्य काळ म्हणजे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरपर्यंत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने गावातील एखादा जाणता गुराखी बरोबर घ्यावा. कोणत्या तळ्यात पाणी किती दिवस राहते हे त्याच्याइतके अचूक कोणासही सांगता येत नाही. प्रत्येक तळ्याची लांबी, रुंदी व सर्वांत खोल जागेतील पाण्याची खोली लिहावी, गट क्रमांक टाकावा आणि कांद्याच्या पातीसारखे झुबके दिसल्यास वर सांगितल्याप्रमाणे एक पात तपासावी. शंका राहिल्यास ती पात वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवून, स्थळ व तारीख लिहून, शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे दाखवावी. जातीची निश्चिती बीजुकांवरून करावी लागते व त्यास सूक्ष्मदर्शक यंत्र हवे. कोणतेही झाड उपटून घरी कुंडीत लावण्याचा मोह टाळावा, ते तेथे जगणार नाही.

दुसरी फेरी एप्रिलमध्ये करावी. तेव्हा तळी कोरडी असतात आणि पाहण्यासारखे काही नसते, म्हणून ती टाळली जाते. परंतु खणकामाचे आराखडे त्याच सुमारास मंजूर होत असतात. पावसाळ्यात ज्या तळ्यांत वनस्पती आढळली, त्यांच्या काठावर दगडांचा ठळक खुणेचा ढीग रचावा, आणि त्या गट क्रमांकांची यादी यंत्र सड्यावर चढण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या व कामावरील अभियंत्याच्या हाती द्यावी.